हा माणूस तुमचाच का?

माझा नवरा साठीला टेकल्यावर पहिल्यांदा परदेशी निघाला, तोही एकटा. त्याआधी त्याने विमान जवळून पाहिलं होतं ते इंदूरला, कुणाला तरी सोडायला गेलो होतो तेव्हा.

जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथांतलं गणित हा त्याचा विषय. उज्जैनच्या ज्या संस्थेत तो शिकवतो तिथलंच संगणक केंद्र मी सांभाळते. जपानचे एक प्राध्यापक काही वर्षं त्याच्याबरोबर एका पोथीवर काम करत होते. इकडे पोथीच्या पानांचे मोठाले फोटो काढायचे, ते तिकडे धाडायचे आणि मग दोघांनी पडद्यावर समोरासमोर बसून एकेका आकड्यावरून वाद घालायचा. इंग्रजी दोघांचंही जेमतेम, पण संस्कृतात मात्र ते मनसोक्त भांडत. शेवटी त्या प्राध्यापकांनी त्याला आपल्या गावी, जपानच्या अगदी उत्तरेला, एका चर्चासत्राला बोलावलं. जानेवारीत. मी म्हटलं, तिकडे बर्फ असेल. तो म्हणाला, पोथी काही उन्हाळ्याची वाट बघत नाही.

त्याला मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. खाण्याची वेळ टळली की साखर एकदम उतरते, हात थरथरतात, जीभ अडखळते. घरात आम्हाला ते लगेच कळतं. अनोळखी माणसाला तो प्यायलेला वाटेल. मला खरी धास्ती होती ती याची.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी त्याचा फोन घेऊन बसले. त्यात आमच्या संस्थेचा त्याचा आयडी घातला आणि त्याला समोर बसवून समजावलं. आमच्या संस्थेला जी लाइन येते ती बाजारातली नाही. देशभरातली विद्यापीठं, प्रयोगशाळा, मोठी सरकारी रुग्णालयं यांना जोडणारं वेगळं जाळं आहे, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी टाकलेलं. प्रत्येक देशाचं असं आपापलं जाळं असतं आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. पोथीचे फोटो त्यावरूनच जात. पण त्याची आणखी एक सोय होती. जगात कुठल्याही सभासद विद्यापीठाच्या आवारात गेलं की फोन आपोआप तिथल्या वायफायला जोडला जातो. तिथलं यंत्र याला ओळखत नाही. ते विचारतं, कुठले तुम्ही? उत्तरात आमच्या संस्थेचं नाव आलं की तो प्रश्न आधी त्यांच्या देशाच्या केंद्राकडे जातो, तिथून आपल्या देशाच्या केंद्राकडे आणि शेवटी उज्जैनला, माझ्या खोलीतल्या एका साध्या यंत्राकडे येतो: हा माणूस तुमचाच का? आमचं यंत्र ‘हो’ म्हणालं की तिकडे दार उघडतं. सगळं पापणी लवायच्या आत.

“म्हणजे हरवलो तर विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभं राहायचं? भिकाऱ्यासारखं?”

“हो. तिथेच उभं राहायचं. दुसरीकडे कुठे भटकायचं नाही.”

“आणि तुझं यंत्र झोपलेलं असलं तर?”

“ते झोपत नाही,” मी म्हणाले.

सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासमोर मी त्याला अहो म्हणायचे. एरवी आम्ही एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे तू-तूच. पण त्या दिवशी त्याने सगळं मुकाट ऐकून घेतलं. तेवढ्यानेही मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जपानच्या प्राध्यापकांसाठी संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांचा डबा त्याच्या हातातल्या पिशवीत घातला आणि त्याला निरोप दिला.

तो तिकडे पोहोचायचा दिवस सोमवती अमावास्येचा होता. पहाटेपासून रामघाटावर स्नानाची गर्दी लोटली होती. त्यातच पुढच्या कुंभमेळ्यासाठी रस्ते रुंद करायला गाव जागोजाग खणून ठेवलेलं. कशीबशी ऑफिसला पोहोचले तेव्हा त्याचा निरोप आला होता. सिमकार्डाला रेंज नाही, विमानतळावरच्या वायफायवरून लिहितोय, आता गाडीत बसतो. पुढे हात जोडल्याचं एक चित्र. ते कसं टाकायचं हे त्याला कधी कळलं कोण जाणे.

त्यानंतर काहीच नाही. गाडीत असेल म्हणून मी कामाला लागले.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. जपानचे प्राध्यापक. या गृहस्थांचा आवाज नेहमी हसरा. त्या दिवशी ते शब्द निवडून निवडून बोलत होते. बर्फाचं मोठं वादळ आलं होतं. गाडी त्यांच्या गावापर्यंत आलीच नाही. अलीकडच्या एका लहान गावात थांबवून सगळ्यांना उतरवलं होतं. मधला रस्ताही बंद, त्यामुळे ते स्वतः निघू शकत नव्हते. त्यांनी त्या स्टेशनवर फोन लावला तेव्हा तिथल्या माणसांनी सांगितलं की उतारूंना प्रतीक्षागृहात बसवलं आहे, मिशीवाले एक भारतीय गृहस्थही होते, पण ते थोड्या वेळापूर्वी बाहेर पडले. जाताना त्यांनी कागदावर इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी’ असं लिहून रस्ता विचारला होता.

तो माझंच ऐकून निघाला होता.

मी विचारलं, त्या गावात विद्यापीठ आहे? आहे, लहानसं आहे, ते म्हणाले. आपल्या वायफायच्या जाळ्यात आहे? आहे. तिथे कुणाला फोन करता येईल? आज त्यांच्याकडे राष्ट्रीय सुट्टी होती; त्यांनी दोनदा लावून पाहिला होता, कुणी उचलत नव्हतं. त्या गावात त्यांचा एक जुना विद्यार्थी राहतो, त्यालाही शोधतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ह्यांचा फोन लागला की हे आधी मलाच करतील, मी लगेच कळवते. हे मी फार खात्रीने म्हणाले. फोन ठेवून पडद्याकडे वळले तर आमच्या लाइनपुढचा हिरवा ठिपका लाल झालेला.

इतक्यात माझी सहकारी आत आली. केंद्राचं तांत्रिक काम ती बघते. भैरवगढच्या एका कापडछपाईवाल्या घराची सून, बोलणं कमी आणि नेमकं. ती म्हणाली, “मॅडम, लाइन गई. पुलिया के पास जेसीबी ने केबल काट दी.”

मी खुर्चीत बसले. तिकडे अंधार पडायला लागला असेल. एक मधुमेही माणूस बर्फातून चालत एका बंद विद्यापीठाच्या गेटपर्यंत जाईल, सांगितल्याप्रमाणे उभा राहील. त्याचा फोन विचारेल, तिथलं यंत्र विचारेल, प्रश्न समुद्राखालून इथवर येईल आणि त्या पुलियापाशी मातीत तुटलेल्या वायरीपर्यंत येऊन थांबेल. हा माणूस तुमचाच का? उत्तर द्यायला कुणी नाही. दार उघडणार नाही. आणि तो तिथेच उभा राहील, कारण मीच त्याला दुसरीकडे कुठे जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं.

केबलवाल्यांना फोन केला. गाडी निघाली होती पण स्नानाच्या गर्दीत अडकली होती. संध्याकाळपर्यंत जोडू म्हणाले. मोबाईलच्या नेटवर ते यंत्र चालवता आलं नसतं, कारण त्या नेटवरून बाहेरचा प्रश्न आत पोहोचतच नाही. मग सहकारीच म्हणाली की इंजिनिअरिंग कॉलेजची लाइन दुसऱ्या बाजूने येते, ती चालू असणार.

गावाबाहेरच्या त्या कॉलेजचं संगणक केंद्र ज्यांच्याकडे आहे ते सर माझ्या ओळखीचे. बैठकांमध्ये भेटायचो, एकमेकांची अडचण ऐकून घ्यायचो, तेवढंच. फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मशीन उठाकर ले आइए. मैं जगह बनाता हूँ.”

संस्थेचं यंत्र आवाराबाहेर न्यायला कुलसचिवांची परवानगी लागते. त्यांच्या दारात उभी राहून मी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता हे अर्ज मागतील. त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. गेटवर फोन करून सांगितलं की मॅडमची रिक्षा अडवू नका.

यंत्र फार मोठं नव्हतं. सहकारीने सोफ्यावरची छापील चादर ओढून त्यात ते गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसली. निघालो. रामघाटाकडचे रस्ते बंद करून सगळी वाहतूक फ्रीगंजकडे वळवलेली. तिथल्या पुलाच्या चढावर आम्ही अडकलो ते अडकलोच. पुढे ट्रॅक्टर, ट्रॉलीत बसलेल्या खेड्यातल्या बायका, ओले केस सोडून वाळवत, भजन म्हणत. मागून बस हॉर्न देत होती. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, आज तो ऐसा ही रहेगा.

मला त्याची शेवटची जेवणाची वेळ कुठली असेल ते आठवेना. विमानात काही खाल्लं असेल. इन्शुलिन घेतलं असेल, कारण त्यात तो चुकत नाही. आणि घेतलं असेल तर त्यावर खायला हवंच. गाडीत काही मिळालं का? मिळालं तरी त्यात मांस-मच्छी असेल म्हणून त्याने हात लावला नसेल. मी जपानच्या प्राध्यापकांना पुन्हा फोन लावला. त्यांच्या विद्यार्थ्याचा पत्ता लागला होता, पण विद्यापीठाचं आवार त्या गावात दोन ठिकाणी होतं, एक टेकडीवर आणि एक नदीकाठी. बर्फात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला फार वेळ लागेल, तो कुठल्या आवारात आहे हे कळलं तर बरं, असं ते म्हणत होते. मला काय माहीत? मी पुलावर ट्रॅक्टरच्या मागे होते.

सहकारी उतरली. यंत्र माझ्या मांडीवर ठेवून पुढे गेली आणि चौकातल्या पोलिसाशी बोलली. काय बोलली ते मी कधी विचारलं नाही. परत आली तेव्हा तो पोलीस शिट्टी वाजवत ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावत होता.

कॉलेजात सर दारातच उभे होते. त्यांच्या खोलीत टेबल रिकामं करून, वायर ओढून ठेवली होती. यंत्र लावलं, चालू झालं. पण ते आता नव्या पत्त्यावर होतं, आणि देशाचं केंद्र आमच्याकडचे प्रश्न अजून जुन्याच पत्त्यावर पाठवत होतं. तो पत्ता बदलणं फक्त त्यांच्या हातात. मी दिल्लीला फोन लावला.

तिथे एक गृहस्थ आहेत. बरीच वर्षं आमचं फोनवर बोलणं होतं, पण एकमेकांना पाहिलेलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की नियमाप्रमाणे तुमच्या संस्थेच्या मेलवरून विनंती यायला हवी. मी म्हटलं, मेल त्याच तुटलेल्या लाइनवर आहे. ते म्हणाले, मग मी कसं करू? कुणीही फोन करून म्हणेल की अमुक संस्थेचं यंत्र आता माझ्या घरी आहे, सगळे प्रश्न इकडे पाठवा. आम्ही ते ऐकत गेलो तर कुणाच्या नावावर कोण आत शिरेल सांगता येणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. तरी माझा आवाज चढला. मी त्यांना नवऱ्याचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं.

“मैडम, मुझे आप पर भरोसा है,” ते म्हणाले, “पर आवाज़ पर मैं पता नहीं बदल सकता. वहाँ से कोई आपको पहचानता है?”

इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी एवढंच विचारलं की आमच्या कॉलेजच्या मेलवरून मी लिहून दिलं तर चालेल का, की या बाईंना मी ओळखतो, यंत्र माझ्यासमोर आहे आणि जबाबदारी माझी. दिल्लीचे गृहस्थ म्हणाले, चालेल. आणीबाणीत दुसऱ्या सभासद संस्थेची हमी चालते. सरांनी उभ्याउभ्याच मेल लिहिला. माझं नाव, माझं पद, आणि खाली त्यांची सही. ज्या माणसाने मला कधी चहासुद्धा पाजला नव्हता त्याने माझ्यासाठी आपल्या संस्थेची मान पुढे केली. आभार मानायचंही मला सुचलं नाही.

दिल्लीहून फोन आला: “बदल दिया. देखिए.”

आम्ही तिघं पडद्यापुढे उभे राहिलो. आमच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न तिथे एका ओळीत दिसतो: कोण, कुठून, उत्तर काय दिलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एक ओळ आली. मी झुकून पाहिलं. आमच्या रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी, चेन्नईच्या एका प्रयोगशाळेतून. हो. लगेच दुसरी. पुण्यात परीक्षेला गेलेला एक मुलगा. हो. मग भोपाळच्या रुग्णालयात वडिलांना घेऊन गेलेल्या आमच्या एका शिक्षिका. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातून त्यांचा फोन केव्हाचा धडपडत असणार. हो. सगळे दुपारपासून कुठे कुठे बंद दारांशी उभे होते. मी त्यांच्यापैकी कुणाचीच वाट बघत नव्हते. आता एकामागून एक त्यांची दारं उघडत होती आणि मी प्रत्येक ओळ आली की आधी नाव वाचत होते आणि हिरमुसत होते.

त्याची ओळ येईना.

माझ्या मनात नको ते यायला लागलं. फोनची बॅटरी गेली असेल. थंडीत बॅटरी लवकर संपते असं कुठेतरी वाचलं होतं. किंवा तो कंटाळून निघाला असेल. किंवा बसला असेल कुठेतरी आणि उठता येत नसेल. सहकारीने माझा हात धरला होता. सर उगाच वायर दाबून बघत होते.

मग त्याचं नाव आलं. पुढे त्या जपानी गावाच्या विद्यापीठाचं नाव, इंग्रजीत, आणि आमच्या यंत्राचं उत्तर: हो.

मी त्याला फोन लावायच्या आधी त्याचाच आला.

“अगं,” तो म्हणाला आणि थांबला. जीभ जड झाली होती. मी ओळखलं.

“काही खाल्लंस का?”

“वड्या आहेत. त्या त्यांच्यासाठी आणल्यात.”

“डबा उघड. आधी खा, मग बोल.”

डब्याचं झाकण निघत नव्हतं. त्याची बोटं गारठली होती. ते खरवडणं मला ऐकू येत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. मग तो चावू लागल्याचा आवाज आला. त्याचा श्वास सावरेपर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं, कुठे आहेस, टेकडीवर की नदीकाठी? तो म्हणाला, टेकडी चढताना माझा जीव गेलाय. सायकलींच्या शेडमध्ये बसलो आहे, इथे वारा लागत नाही.

एवढं मला पुरलं. सरांच्या फोनवरून मी जपानच्या प्राध्यापकांना टेकडीचं सांगितलं. त्यांचा विद्यार्थी निघाला. तो पोहोचेपर्यंत मी फोन चालूच ठेवला. काय बोलत होतो ते आठवत नाही. बहुतेक मी त्याला आणखी एक वडी खा, आणखी एक खा, म्हणत होते. शेवटी एका तरुण माणसाचा आवाज आला, धापा टाकत, आणि त्याने माझ्या नवऱ्याला संस्कृतात विचारलं, “भवान् कुशली वा?”

नवऱ्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी टेबलाशी बसून रडत होते.

चर्चासत्र एक दिवस उशिरा सुरू झालं. तो बोलला, त्या पोथीवरून तिथेही सगळ्यांशी भांडला आणि आठवड्याभराने परत आला. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. घरी येऊन चहा घेताना त्याने सांगायला सुरुवात केली. स्टेशनवरच्या वायफायचं पान जपानीत उघडायचं, काय भरायचं ते कळेना. टेकडी चढून गेला तर फोनवर त्या वायफायचं नाव दिसायचं, चक्र गोल फिरायचं आणि जायचं. पुन्हा फिरायचं, पुन्हा जायचं. एकदा तो वैतागून खाली निघालाही होता, अर्ध्यातून परतला.

“का परतलास?”

“खाली जाऊन कुणाला काय सांगणार होतो? तू उभं राहा म्हणाली होतीस.”

मग मी त्याला केबल कापली गेल्याचं सांगितलं. पुलावरचं, ट्रॅक्टरचं, दिल्लीच्या गृहस्थांचं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं बर्फामुळे झालं.

त्याने कप खाली ठेवला.

“म्हणजे मी तिथे उभा होतो तेव्हा तू रिक्षात होतीस?”

“हो.”

“मी तुला शिव्या घालत होतो,” तो म्हणाला. “मोठ्याने. मराठीत. तिथे कुणाला कळणार म्हणून.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांकडे गेलो. वड्या पुन्हा केल्या होत्या. त्यांनी चहा पाजला आणि कामाचं काढलं: आमचं एक जोडयंत्र, तीच उत्तरं देणारं, आता कायम त्यांच्याकडे ठेवायचं आणि त्यांचं एक आमच्याकडे. कुलसचिवांनी त्याला मंजुरी दिली. दिल्लीच्या गृहस्थांनी दोन्ही पत्ते नोंदवून घेतले, या वेळी मेलवरून, नियमाप्रमाणे. त्यानंतर रस्ता दोनदा खणला गेला आहे आणि दोन्ही वेळा केबल तुटली. बाहेरगावी असलेल्या आमच्या कुणालाही ते कळलं नाही.